संगणक मिळाले, चालवणार कशावर? शाळा-वाचनालयांनी या चुका टाळाव्यात

सगळ्यात महाग चूक खरेदीत होत नाही, मागणीपत्रात होते. आमदार निधी असो, कंपनीचा सीएसआर (सामाजिक जबाबदारीचा निधी) असो की गावची लोकवर्गणी, आपण लिहितो: संगणक दहा, प्रोजेक्टर एक, प्रिंटर एक. खाली सही-शिक्का. वीजबिल कोण भरणार, बॅटरी कोण बदलणार, इंटरनेटचं रिचार्ज कुठल्या खात्यातून जाणार, याची एक ओळही त्या पत्रात नसते. फीत कापली जाते, पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या पावसाळ्यात संगणक कक्षाला कुलूप लागतं.

खुद्द सरकारचा हिशेब बघा. समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या संगणक कक्षासाठी एकदाच करायचा खर्च ६ लाख ४० हजारांपर्यंत धरलाय, आणि चालवण्याचा खर्च पाच वर्षं दरवर्षी २ लाख ४० हजारांपर्यंत. म्हणजे पाच वर्षांत वस्तूंना साधारण साडेसहा लाख आणि चालवायला बारा. त्या बारात शिकवणाऱ्याचं मानधनही येतं हे खरं, तरी प्रमाण लक्षात घ्या. देणगीदाराकडे जाताना दोन आकडे न्या: यंत्रं एवढ्याची, आणि ती चालवायला पुढे दरवर्षी एवढे. कंपनीला फोटोत मोठा पडदा दिसायला हवा असतो, बॅटरीचा फोटो कुणी काढत नाही. पण आपण मागितलंच नाही तर नकारसुद्धा मिळत नाही.

कुठल्या पैशातून काय भागतं

पट तीसपर्यंत असेल तर संयुक्त शाळा अनुदान वर्षाला १० हजार, एकतीस ते शंभर पटाला २५ हजार. खडू, डागडुजी, वीजबिल आणि स्वच्छता सगळं त्यातच. त्यावर संगणक कक्ष चालेल असं समजणं ही चूकच. अशा शाळेने ग्रामपंचायतीकडे वळावं. पंधराव्या वित्त आयोगात, म्हणजे २०२१ ते २०२६ या काळात, गावाच्या निधीपैकी ६० टक्के पाणी-स्वच्छतेसाठी बंधित आणि ४० टक्के अबंधित होता. अबंधित पैसा पगार आणि आस्थापना सोडून गावाच्या गरजेवर वापरता येतो. मात्र काम गाव विकास आराखड्यात असावं लागतं. मुख्याध्यापक जानेवारीत अर्ज घेऊन जातात तेव्हा आराखडा कधीच वर गेलेला असतो. ग्रामसभेच्या तारखा ग्रामसेवकांकडून आधीच घेऊन ठेवा. त्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून भाऊसाहेबच चालतं.

वाचनालयांची चूक वेगळी. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआरचं काम राबवणाऱ्या न्यासाला किंवा संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची सीएसआर-१ नोंदणी लागते, सोबत आयकराची १२ए (संस्थेला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत). कार्यकारिणी कंपनीकडून होकार मिळवून येते आणि मग कागदांसाठी धावते. तोवर मार्च उलटतो. नोंदणी नसेल तर कंपनीने स्वतः माल घेऊन द्यावा असं सुचवता येतं, पण तेव्हा बिल कंपनीच्या नावावर असतं. वॉरंटीसाठी फोन केला की समोरचा विचारतो, बिल कुणाचं? म्हणून बिलाची प्रत, प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक आणि वॉरंटी आपल्या पत्त्यावर नोंदवल्याचा पुरावा माल येतो त्याच दिवशी फायलीला लावा. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडे ग्रंथालय संचालनालयामार्फत प्रस्ताव जातात. हे बऱ्याच वाचनालयांना ठाऊक असतं, पण फक्त पुस्तकांपुरतं. तिथल्या असमान निधी योजनांत, म्हणजे राज्याचा वाटा लागत नाही अशा योजनांत, संगणकासाठीही मदत असते.

विजेआधी यंत्र आणू नका

संगणक आले की टेबलं लागतात, वायरमन शेवटी येतो. क्रम उलटा हवा. आपल्याकडे कितीतरी शाळांत तीन पिनांच्या बोर्डाची वरची पिन नुसती शोभेची असते, मागे तार जोडलेलीच नाही. परवानाधारक वायरमनला मल्टिमीटर लावायला सांगा आणि शेजारी उभं राहून आकडे वहीत लिहा. फेज-न्यूट्रल २३० व्होल्टच्या आसपास. फेज-अर्थ जवळपास तितकंच. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. शेवटचा आकडा वीस-पंचवीस दाखवत असेल तर अर्थिंग सुकलंय, तुटलंय किंवा न्यूट्रल सैल आहे. संगणकाच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. "थोडासा करंट आहे, चालतं" असं म्हणून त्या खोलीत मुलं बसवू नका. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालणं हे शिपायाच्या कामाच्या यादीत असू द्या.

वळवाच्या पावसात नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा लागतो. राउटरची केबलही. आभाळातली वीज केबलवरून येते आणि एकाच वेळी चार यंत्रं नेते.

वीजबिलावरची वर्गवारी वाचा. शाळा आणि वाचनालयं सार्वजनिक सेवा गटात बसतात. जुनं कनेक्शन व्यापारी गटात राहून गेलं असेल तर वर्षानुवर्षं जास्त दर भरला जातो. महावितरणच्या उपविभागात अर्ज आणि संस्थेच्या नोंदणीची प्रत दिली की बदल मागता येतो.

"नेट चालत नाही", म्हणजे नक्की काय?

जूनमध्ये शाळा उघडते, संगणक सुरू होतो, पण एकही संकेतस्थळ उघडत नाही. कनेक्शन सुरक्षित नाही असा इशारा येतो. कुणी म्हणतं व्हायरस, कुणी म्हणतं नेट बंद. तंत्रज्ञाला बोलावलं की तो विंडोज नव्याने टाकतो, पाचशे-हजार घेतो आणि जुन्या फायली पुसून जातो. आधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघा. तिथे दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं साल दिसत असेल तर दोष मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलचा. सीआर २०३२ नावाचा हा तीन व्होल्टचा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख चुकली की संगणकाला संकेतस्थळांची प्रमाणपत्रं मुदतीबाहेरची वाटतात आणि तो दार लावून घेतो. सेल बदला, तारीख लावा, झालं.

तारीख बरोबर असेल तर मुख्याध्यापकांच्या खोलीत राउटरजवळ मोबाइल धरून बघा. तिथे चालतं आणि वर्गात नाही, तर भिंत आडवी येतेय. जुन्या इमारतींच्या काळ्या दगडाच्या भिंतींतून ५ गिगाहर्ट्झची लहर फारशी जात नाही. २.४ वर टाका, किंवा सरळ केबल ओढून वर्गात दुसरा राउटर लावा. भारतनेट या सरकारी इंटरनेट योजनेचा फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येतो, शाळेपर्यंत आपोआप येत नाही, हेही प्रस्तावातच धरा. आणि वीस मुलांना एका वेळी वीस व्हिडिओ लावू नका. सरकारच्या दीक्षा ॲपवरचे धडे आणि बालभारतीची पुस्तकं आधी उतरवून ठेवली तर नेट नसतानाही तास होतो.

विंडोज १० ची मोफत सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबली आहेत. जुने संगणक दान म्हणून येत असतील तर ते विंडोज ११ घेतात का हे विचारा. घेत नसतील तर लिनक्स ही मोफत प्रणाली टाकून वाचनालयाच्या शोधखिडकीला, म्हणजे वाचकांना पुस्तक शोधायला, ते अजून कामाचे आहेत.

ग्रंथसूची: इथे घाई नको

वाचनालयाचं संगणकीकरण म्हटलं की एखादा मुलगा बसवून दाखल नोंदवही टाइप करून घेतली जाते. श्रीलिपीत किंवा कृतिदेवमध्ये. दुसऱ्या संगणकावर तो फॉन्ट नसला की सगळी पुस्तकं अगम्य चिन्हांत जातात. नवी नोंद यूनिकोडमध्येच करा, ती कुठल्याही संगणकावर तशीच दिसते. जुनी यादी रूपांतरित करता येते, पण रफार आणि जोडाक्षरं बिघडतात. प्रत्येक विषयातल्या काही नोंदी मूळ वहीशी ताडून मगच यादी ई-ग्रंथालय किंवा कोहा या ग्रंथालय प्रणालीत चढवा. दोन्ही प्रणाल्यांना परवान्याचे पैसे पडत नाहीत. ई-ग्रंथालय एनआयसी या सरकारी संस्थेची आहे, कोहा मुक्तस्रोत.

एक बारीक खोच आहे. 'ॲ' हे अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं: एकसंध, किंवा अ लिहून त्यावर चंद्र. डोळ्यांना दोन्ही सारखीच, संगणकाला वेगळी. वाचक एक टाइप करतो, पुस्तक दुसऱ्याखाली नोंदलेलं असतं आणि कपाटात असूनही ते "नाही" निघतं. लेखकांच्या नावांचंही तेच. आडनाव आधी की नाव, आद्याक्षरांत टिंब आणि मोकळी जागा किती, हे पहिल्याच दिवशी ठरवून कागद भिंतीवर चिकटवा. नाहीतर एका लेखकाचे चार होतात.

बॅकअपचा पेन ड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात ठेवू नका.

कुलपातली यंत्रं

काही शाळांत टॅब अजून खोक्यात आहेत, कारण मोडलं तर भरून कोण देणार ही भीती. ती खोटीही नाही. वस्तू जडसंग्रह (डेड स्टॉक) नोंदवहीत चढली की जबाबदारी मुख्याध्यापकांवर येते. पण खोक्यात वॉरंटी संपते आणि बॅटरीही मरते. शाळा व्यवस्थापन समितीच्या इतिवृत्तात ठराव घ्या: यंत्रं नियमित वापरायची, वापरताना बिघाड झाला तर दुरुस्ती अमुक निधीतून. ठराव असला की शिक्षक धजावतात. देणगीतल्या वस्तूही नोंदवहीत चढवा, नाहीतर बदली होऊन नवे मुख्याध्यापक आले की "ही कुणाची?" इथपासून सुरुवात.

आणि जी खरोखर मेली आहेत त्यांचं निर्लेखन करून घ्या, म्हणजे ती नोंदवहीतून रीतसर कमी करून घ्या. समितीचा ठराव, दुरुस्ती परवडत नसल्याचा तंत्रज्ञाचा लेखी अभिप्राय आणि अनुक्रमांकांची यादी जोडून प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. कागदावर दहा संगणक चालू दिसत असताना नव्या मागणीला कुणी हात लावत नाही. मंजुरी आली की माल भंगारवाल्याला न देता नोंदणीकृत ई-कचरा पुनर्प्रक्रिया केंद्राला द्या आणि त्याची पावती त्याच फायलीत लावा.