नामाचं विशेषण: आधी जागा बघा, मग प्रत्यय

इंग्रजी व्याकरण शिकवताना नवीन विद्यार्थ्यांच्या वहीत मला हमखास एक यादी दिसते: फुल, लेस, अस, अल, इक, वाय, इश. नामापासून विशेषण करायचे प्रत्यय. यादी चुकीची नाही, पण कुठल्या नामाला कुठला प्रत्यय लागेल, हे ती सांगत नाही. डेंजरचं डेंजरस होतं, हेल्थचं हेल्दी आणि नेशनचं नॅशनल. म्हणून नाम शिकाल तेव्हाच त्याचं विशेषण एका छोट्या वाक्यात लिहून ठेवा.

विशेषण ओळखायचं मात्र जागेवरून. ते बहुतेकदा नामाच्या आधी येतं, नाहीतर इज, सीम्स, लुक्स यांच्यानंतर. ‘अ फ्रेंडली डॉग’ घ्या. शेवटी ‘ली’ दिसला की पोरं लगेच क्रियाविशेषण लिहून मोकळी होतात. पण इथे फ्रेंडली कुत्र्याबद्दल सांगतंय आणि डॉग नाम आहे, म्हणजे हे विशेषणच. ‘ली’च्या आधी काय उरतं तेही बघा. फ्रेंड, कॉस्ट, कावर्ड अशी नामं उरली तर शब्द बहुधा विशेषण असतो. स्लो, क्विक अशी विशेषणं उरली तर क्रियाविशेषण. एवढं एक पक्कं झालं तरी परीक्षेतले बरेच गुण वाचतात. उलट बाजूही ध्यानात असू द्या: अरायव्हल, रिफ्यूजल, हँडफुल ही शेवटावरून विशेषणं वाटतात, पण आहेत नामं.

फुल आणि लेस नेहमीच विरुद्धार्थी जोडी करतात असंही नाही. केअरफुल-केअरलेसला ते चालतं. पण शेमफुल म्हणजे लाजिरवाणं आणि शेमलेस म्हणजे निर्लज्ज. दोन्हींत निंदाच आहे. प्राइसलेस म्हणजे अमूल्य, कवडीमोल नव्हे.

मला स्वतःला सगळ्यात आवडतात ती एकाच नामाची दोन विशेषणं. इकॉनॉमिक म्हणजे आर्थिक, इकॉनॉमिकल म्हणजे काटकसरीचं. मोठ्या माणसाला चाइल्डिश म्हटलं तर तो पोरकट ठरतो, चाइल्डलाइक म्हटलं तर निरागस. इथे घाई करू नका, प्रत्येकाचं वाक्य करून बघा.

स्पेलिंगचं थोडक्यात: ब्यूटीफुलमध्ये ‘वाय’चा ‘आय’ होतो आणि शेवटी ‘एल’ एकच. फेमसमध्ये ‘ई’ गळतो, करेजसमध्ये राहतो, कारण तो काढला तर ‘जी’चा उच्चार ‘ज’ऐवजी ‘ग’ होईल.

काही विशेषणांचा मात्र नामाशी प्रत्ययाचा संबंधच नसतो. सनचं सोलर, टूथचं डेंटल. ही लॅटिनमधून आलेली, ती पाठच करावी लागतात.

सरावाला रोज एक परिच्छेद घ्या, त्यातली विशेषणं अधोरेखित करा आणि प्रत्येकात कुठलं नाम दडलंय ते समासात लिहा. बिग, टॉल यांच्यात काही सापडणार नाही. ती सोडून पुढे जा.