ऊर्जा-नियमांसाठी कोणता मार्ग धरावा? रंकाळ्याकडे तोंड केलेल्या एका इमारतीवरून

कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या पूर्व काठावर हॉटेल बांधायचं म्हटलं की पहिली मागणी ठरलेली असते: तलावाच्या बाजूला सगळी काच हवी. तलाव पश्चिमेला आहे. म्हणजे ज्या भिंतीतून सूर्यास्त बघायचा, त्याच भिंतीतून एप्रिलच्या दुपारचं ऊन तासन् तास खोल्यांत शिरणार. ऊर्जा-नियम कोणत्या मार्गाने पाळायचे हे अशा भिंतीवरच ठरतं, म्हणून पहिलं स्केच कागदावर असतानाच ते ठरवा. परवानगीची फाईल जुळवताना हा विषय निघाला, तर तोवर एलेव्हेशन, म्हणजे इमारतीचा दर्शनी चेहरा, सगळ्यांच्या मनात पक्कं झालेलं असतं आणि बदल महागात जातो.

१. आपल्याला कोणती संहिता लागू होते?

हॉटेल, दवाखाना, ऑफिस, शोरूम, शाळा अशा इमारतींचा जोडभार, म्हणजे जोडलेल्या सगळ्या उपकरणांची बेरीज, १०० किलोवॅट किंवा वीज कंपनीशी केलेल्या करारातली मागणी १२० केव्हीए किंवा त्याहून जास्त असेल, तर ऊर्जा संवर्धन इमारत संहिता, म्हणजे ईसीबीसी, बघावी लागते. एसी, लिफ्ट, पंप, स्वयंपाकघर यांची बेरीज इलेक्ट्रिकल कन्सल्टंटकडून आधीच मागवा. राहत्या इमारतींसाठी इको निवास संहिता वेगळी आहे. तिथे मुख्य कसोट्या दोन: भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेचा आकडा, ज्याला आरईटीव्ही म्हणतात, तो चौरस मीटरला १५ वॅटच्या आत आणि छताची यू-व्हॅल्यू १.२ च्या आत. यू-व्हॅल्यू म्हणजे छतातून किंवा भिंतीतून उष्णता किती सहज पार होते त्याचा आकडा; जितका कमी तितका चांगला.

दोन्ही संहितांच्या नव्या आवृत्त्या २०२४ मध्ये आल्या आहेत. महापालिकेच्या नगररचना विभागात कोणती आवृत्ती धरतात ते विचारून घ्या. पुढचे आकडे ईसीबीसी २०१७ मधले आहेत.

२. हवामान विभाग आणि अक्षांश

हवामान विभाग संहितेच्या परिशिष्टातून घ्या. ‘आपल्याकडे पाऊस फार’ एवढ्यावरून तो ठरवू नका, कारण विभाग बदलला की भिंतीचा आकडाही बदलतो. अक्षांशही बघा. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तरेला आहे. १५ अंशांच्या वर असल्यामुळे उत्तरेच्या खिडक्यांना सवलत मिळते: तिथे काचेचा एसएचजीसी ०.५० पर्यंत चालतो, बाकी तीन दिशांना ०.२७. काचेवर पडलेल्या उन्हातली किती उष्णता आत येते, ते हा आकडा सांगतो.

सवलत मिळाली म्हणून उत्तरेचा छज्जा मात्र काढू नका. मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्याकडे डोक्याच्या उत्तरेला असतो.

३. काच मोजा

या पायरीला घाई करू नका. काचेचं प्रमाण एका भिंतीचं धरत नाहीत, बाहेरच्या सगळ्या भिंतींचं मिळून धरतात. समजा, हॉटेल ३० मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि १२ मीटर उंच आहे. सगळ्या भिंती मिळून १,०८० चौरस मीटर. पश्चिमेची लांब भिंत पूर्ण काचेची केली तर ३६० आणि उरलेल्या तीन भिंतींवर १५ टक्के खिडक्या धरल्या तर १०८. एकूण ४६८, म्हणजे ४३ टक्के. संहितेची मर्यादा ४० टक्क्यांची. पश्चिमेची काच त्या भिंतीच्या ८० टक्क्यांवर आणली की हाच आकडा ३७ च्या आत येतो. एवढ्याशा बदलाने सोपे मार्ग खुले होतात.

४. आता मार्ग निवडा

पहिला मार्ग प्रिस्क्रिप्टिव्ह. भिंत, छत, काच, दिवे, एसी, प्रत्येकाने आपापला आकडा गाठायचा. संगणकावर अख्खी इमारत चालवून दाखवावी लागत नाही. राजारामपुरीतलं बेताच्या खिडक्यांचं ऑफिस, बँक, शाळा यांना मी हाच सुचवेन. अडचण भिंतीची येते. उष्ण विभागांत भिंतीची यू-व्हॅल्यू ०.४० च्या आत हवी. दहा हजार चौरस मीटरपेक्षा लहान ऑफिसला ०.६३ चालते. नऊ इंची विटांची भिंत २ च्या आसपास असते, आठ इंची एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांची, ०.७ ते ०.८. म्हणजे ‘ब्लॉक वापरलेत, झालं’ असं म्हणून भागत नाही, इन्सुलेशनचा थर लागतोच. छताला ०.३३ हवी, तिथे तर साधा स्लॅब फारच मागे पडतो. काळी काच लावूनही सुटका नाही. काचेतून किमान २७ टक्के उजेड आत यायलाच हवा.

दुसरा मार्ग देवाणघेवाणीचा, म्हणजे ट्रेड-ऑफ. भिंत थोडी कमी पडली तर छत जास्त चांगलं करून भरून काढायचं. हिशेब फक्त इमारतीच्या बाहेरच्या आवरणाचा. दिवे आणि एसी यांचे आकडे वेगळे पाळावे लागतात आणि काचेची ४० टक्क्यांची मर्यादा इथेही सुटत नाही.

तिसरा मार्ग संपूर्ण इमारतीचा. वर्षाच्या ८,७६० तासांचं सिम्युलेशन संगणकावर करतात आणि आपली इमारत वर्षाला चौरस मीटरमागे किती वीज खाते ते त्याच आकाराच्या, त्याच वापराच्या, पण संहितेचे आकडे पाळणाऱ्या नमुना इमारतीशी (तिला प्रमाण इमारत म्हणतात) ताडून बघतात. गुणोत्तर १ किंवा त्याहून कमी आलं की पास. मोठ्या हॉटेलला, चोवीस तास एसी चालणाऱ्या दवाखान्याला हा मार्ग शोभतो. पण प्रमाण इमारतीला काच ४० टक्क्यांपुढे धरत नाहीत, त्यामुळे जादा काचेची उष्णता चांगल्या एसीतून किंवा दिव्यांतून वसूल करावी लागते. मॉडेल करणारा जाणकार लागतो आणि नकाशा बदलला की मॉडेल पुन्हा चालवावं लागतं.

संहितेची अनिवार्य कलमं तिन्ही मार्गांत पाळायचीच असतात.

५. आपल्या हॉटेलचं काय?

मी लॉबी आणि रेस्टॉरंटला तलावाकडची मोठी काच देईन. खोल्यांना पाच फुटांची गॅलरी, दोन्ही बाजूंना उभे पडदीवजा पाखे आणि आत काचेचा दरवाजा. पश्चिमेचं ऊन तिरकं येतं, नुसत्या आडव्या छज्जाला ते जुमानत नाही, म्हणून उभे पाखे हवेतच. कायमच्या बाह्य सावलीचं श्रेय संहिता देते, तेव्हा काचेचा खर्चही आटोक्यात राहतो. पावसाच्या सरीही आत येत नाहीत. मग काच ४० टक्क्यांच्या आत बसते आणि ट्रेड-ऑफवर काम भागू शकतं.

निवडलेल्या काचेचा एसएचजीसी, यू-व्हॅल्यू आणि उजेडाचा आकडा टेंडरमध्ये लिहा. साइटवर माल उतरला की प्रमाणपत्र त्याच्याशी ताडून बघा, काच चौकटीत बसवण्याच्या आधी.