आईचं फक्त आधार, आणि भूतानचं परमिट

सोलापूरहून कडक भाकरी, शेंगाचटणी बांधून निघालो, बंगालमधल्या हासीमारा स्टेशनला उतरून भूतानच्या सीमेवरचं जयगाव गाठलं आणि तिथं कळलं की भूतानच्या परमिटला आधार चालतच नाही, पासपोर्ट नाहीतर व्होटर कार्ड लागतं, आणि आईचं व्होटर कार्ड घरी कपाटात! बिचारी रडायलाच लागली. मग हॉटेलवाल्या दादांनी सांगितलं, सीमेपलीकडच्या भूतानमधल्या फुंटशोलिंगच्या भारतीय वकिलातीत जा, तिथं ओळख पटवून स्लिप देतात. नशीब वर्किंग डे होता. आधार, फोटो दाखवून स्लिप घेतली, तीच परमिटला लावली, माणशी दर रात्रीचे १२०० रुपये फी भरली, झालं काम. तरी खरं सांगतो, घरातनं निघतानाच ओरिजिनल कार्ड पिशवीत टाका, म्हाताऱ्या माणसांना लई त्रास होतो ओ.