वनहक्काचा दावा: मोजणीच्या दिवशी काय सांभाळायचं

कसत असलेल्या वनजमिनीच्या हक्काचा दावा फेटाळला गेला की माणसं प्रांत कार्यालयाच्या चकरा मारायला लागतात. खरी चूक मात्र बहुतेक वेळा त्याआधीच, शेताच्या बांधावर झालेली असते. वरच्या समित्या जमीन बघायला येत नाहीत, त्या कागद बघतात. म्हणून हा कागद बांधावर कसा तयार होतो ते नीट समजून घ्या.

आधी एक गैरसमज. वनहक्क देणारं खातं वन विभाग नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याचं केंद्रातलं काम जनजाती कार्य मंत्रालयाकडे आहे. वन विभागानं पडताळणीला हजर राहायचं आणि आपलं म्हणणं नोंदवायचं. दावा आधी ग्रामसभेत ठरतो, मग प्रांतांच्या उपविभागीय समितीकडे आणि शेवटी कलेक्टरांच्या जिल्हास्तरीय समितीकडे जातो. त्यामुळे ‘गार्डनं नाही म्हटलं’ एवढ्यानं दावा संपत नाही.

पात्रता थोडक्यात अशी. अनुसूचित जमातीचा दावेदार 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून त्या जमिनीवर असला पाहिजे. इतर पारंपरिक वननिवासींसाठी त्या तारखेआधी तीन पिढ्या, म्हणजे 75 वर्षं, वनात वास्तव्य आणि वनावर अवलंबून असल्याची जास्तीची अट आहे. हक्क मिळतो तो प्रत्यक्ष ताब्यातल्या जमिनीचा, आणि तोही जास्तीत जास्त 4 हेक्टर, म्हणजे पावणेदहा एकरांच्या थोडं वर. ताबा दीड एकराचा असताना ‘मिळालं तर मिळालं’ म्हणून चार हेक्टर लिहू नका. मोजणीत फरक निघाला की खऱ्या दीड एकरावरही संशय येतो.

वैयक्तिक दाव्याला नमुना ‘अ’ लागतो. त्यात जोडीदाराचं नाव, घरातल्या माणसांची नावं आणि वयं, राहण्यासाठीचं क्षेत्र वेगळं आणि कसण्याचं वेगळं, असं सगळं लिहायचं असतं. अर्ज ग्रामसभेनं निवडलेल्या वनहक्क समितीकडे द्या आणि पोच घ्या. पोच देणं समितीचं कामच आहे. ग्रामसभेनं ठरवलेली तीन महिन्यांची मुदत उलटली असेल, तर कारण लिहून ग्रामसभा ती वाढवू शकते.

पुरावे किमान दोन हवेत. दोन्ही एकाच प्रकारचे नकोत. रेशनकार्ड आणि मतदार ओळखपत्र दिलं तर दोन्हींतून तुम्ही गावात राहता एवढंच कळतं, जमीन कसता हे कळत नाही. एक कागद माणसाचा आणि एक जमिनीचा, असा जोड लावा. जमिनीच्या बाजूला दंडाची पावती, जुना एकसाली (एका वर्षापुरता दिलेला) पट्टा, अतिक्रमणाच्या चौकशीतलं नाव, वनगुन्ह्याची नोंद यांतलं काही असेल तर उत्तमच. नसेल तरी अडत नाही. दंडाची पावती नाही एवढ्याच कारणावरून दावा फेटाळता येत नाही, हे 2012 च्या सुधारित नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे. दगडी बांध, सपाट केलेली खाचरं, विहीर, झोपडीचं जोतं, शेतातला वाघदेव, पूर्वजांचं दफनस्थान हेही पुरावेच आहेत. दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाबही चालतो. पण ‘हे पूर्वीपासून कसतात’ असा जबाब पोकळ असतो. ‘मोठ्या दुष्काळाच्या साली याच्या बापानं नाल्याकडचा बांध घातला, तेव्हा मी शेजारच्या शेतात होतो’ असा जबाब टिकतो.

नंदुरबारकरांनी एक लक्षात ठेवावं. जिल्हा 1 जुलै 1998 ला वेगळा झाला. त्याआधीचे कागद धुळ्याच्या नावानं असतात, आणि फार जुन्या कागदांवर ‘पश्चिम खानदेश’ असं असतं. नंदुरबारला सापडलं नाही तर धुळ्याच्या अभिलेख कक्षात रीतसर अर्ज करून शोध घ्या. अक्कलकुवा-तळोदा भागात मेवासी संस्थानिकांच्या वेळचे नकाशे किंवा नोंदी कुणाच्या घरी असतील, तर तेही नियमात बसतात.

आता मोजणी. वनहक्क समितीनं दावेदाराला आणि वन विभागाला आधी लेखी कळवायचं असतं. त्या पत्राची पोच घेऊन दप्तराला लावा. या एका पोचीनं पुढे किती काम सोपं होतं ते खाली येईलच.

जीपीएसवर मोजत असाल तर घाई करू नका. मोबाईलचा बिंदू चांगल्या आकाशाखालीही पाच मीटर इकडेतिकडे होतो, आणि दरीत किंवा दाट महूखाली (मोहाच्या झाडांखाली) त्याहून जास्त. वीस गुंठ्यांचं चौकोनी शेत घ्या. त्याची बाजू साधारण 45 मीटर भरते. चारही बाजू पाच मीटर आत सरकल्या तर क्षेत्र बारा गुंठे होतं, बाहेर सरकल्या तर तीस. लहान तुकड्यावर ही चूक दाव्याचा जीव घेते. म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर दोन-तीन मिनिटं थांबा, आकडा स्थिरावू द्या, मगच बिंदू घ्या. शक्य असेल तर उलट्या दिशेनं दुसरी फेरी मारून दोन्ही क्षेत्रं ताडून बघा. बांध वाकडा असेल तर फक्त चार कोपरे पुरत नाहीत, प्रत्येक वळणावर बिंदू हवा.

बिंदूंचे अक्षांश-रेखांशाचे आकडे वहीत उतरवताना दशांशानंतर पाच स्थळं लिहा. चारच लिहून बाकीचे छाटले तर बिंदू अकरा मीटरपर्यंत सरकू शकतो. सातपुड्याच्या पट्ट्यात उत्तरेचा आकडा बहुतेक 21 ने सुरू होतो आणि पूर्वेचा 73 ते 76 ने. दोन्ही उलटसुलट लिहिले गेले तर शेत नकाशावर थेट आर्क्टिकच्या समुद्रात जाऊन पडतं. हसू येतं, पण असा कागद परत येतो.

उताराची भानगड वेगळी आहे. टेप जमिनीवर टाकून मोजलं तर उताराची लांबी मिळते, नकाशावर मात्र आडवी लांबी धरतात. तीस अंशांच्या उतारावर टेपनं शंभर मीटर भरलं तर नकाशावर ते सुमारे 87 मीटरच. रुंदी 40 मीटर असेल तर टेपचं क्षेत्र 40 आर (एक आर म्हणजे 100 चौरस मीटर) होतं आणि जीपीएसचं 35 आर. जमीन कुणी कमी केलेली नाही, पण दाव्यात 40 आणि मोजणीत 35 दिसल्यावर ‘तफावत’ असा शेरा पडतो. पंचनाम्यात एक ओळ लिहून टाका: ‘दाव्यातील क्षेत्र उतारावर टेपने मोजलेले, मोजणीतील क्षेत्र आडवे.’

पंचनाम्यात या गोष्टी हव्यातच: वनखंडाचा कक्ष क्रमांक, बीट (वनरक्षकाच्या हद्दीचा भाग), चारही दिशांच्या खुणा, पीक, झाडं, बांधाची लांबी-उंची, हजर असलेल्यांची नावं. चतुःसीमेत ‘पूर्वेस जंगल’ असं लिहू नका. ‘पूर्वेस मोठा नाला, नाल्याकाठी दोन महू’ असं लिहा. वनरक्षक आणि तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, यांची सही पदनाम आणि तारखेसह घ्या. त्यांना हरकत असेल तर तीही तिथेच लिहू द्या, अडवू नका. लेखी हरकतीला उत्तर देता येतं.

वन विभागाचं कुणी आलंच नाही तर? मोजणी थांबवू नका. मग ‘आमचा माणूस नव्हता’ अशी हरकत पुढे आली तर दावा फेरपडताळणीसाठी ग्रामसभेकडे येतो, आणि कळवूनही ते दुसऱ्यांदा आले नाहीत तर जागेच्या पडताळणीपुरता ग्रामसभेचा निर्णय अंतिम ठरतो. कळवल्याचा पुरावा म्हणजे ती आधी जपलेली पोच.

उपग्रहाच्या चित्रात शेत दिसत नाही, असा शेराही येतो. उपग्रह चित्र हा जोडीचा पुरावा आहे, बाकी पुराव्यांच्या जागी ते बसवता येत नाही. शिवाय चित्राचा एक ठिपका 23 मीटरचा असेल, तर वीस गुंठ्यांचं अख्खं शेत जेमतेम चार ठिपक्यांत मावतं. त्यात शेतात महू आणि टेंभुर्णी राखलेली असतील तर वरून ते रानच दिसणार. पंचनाम्यात शेतातली राखलेली झाडं मोजून लिहिली असतील तर याचं उत्तर तयार असतं.

ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर हवेत, हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया, आणि दाव्यांवर ठराव करताना निम्मे दावेदार किंवा त्यांचे प्रतिनिधी. अक्राणी-अक्कलकुव्यात दिवाळीनंतर अर्धा पाडा ऊसतोडीला गुजरातेत जातो, तेव्हा ही संख्या भरत नाही. ठराव दिवाळीआधी करा, नाहीतर होळीला माणसं परततात तेव्हा. मागाहून अंगठे घेऊन संख्या भरवण्याचा मोह टाळा, एका खोट्या अंगठ्यानं सगळ्या पाड्याचे दावे अडकतात.

वरच्या समितीनं दावा नाकारला किंवा क्षेत्र कमी केलं, तर निर्णय दावेदाराच्या हातात लेखी आणि कारणासह मिळाला पाहिजे. मिळाल्यापासून 60 दिवसांत दाद मागायची, आणखी 30 दिवस वाढवून देणं समितीच्या मर्जीवर आहे. ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध आधी उपविभागीय समिती, तिच्याविरुद्ध जिल्हास्तरीय. मधली पायरी गाळता येत नाही. सुनावणीची तारीख किमान 15 दिवस आधी कळवावी लागते. पडताळणी पूर्ण होईपर्यंत दावेदाराला जमिनीवरून हटवता येत नाही, हे कलम 4(5) तोंडपाठ ठेवावं असं आहे.

मंजूर हक्काचा पट्टा हातात आला की आधी दोन गोष्टी तपासा: नवरा-बायको दोघांची नावं आहेत ना, आणि क्षेत्र-चतुःसीमा पंचनाम्याशी जुळते ना. नंतर तीन महिन्यांत महसुली अभिलेखात नोंद व्हायला हवी. तलाठ्याकडे लेखी अर्ज देऊन ती मागा, कारण नोंद नसेल तर पीककर्ज आणि पीकविम्याच्या वेळी अडवणूक होते. हा हक्क वारसाकडे जातो, पण विकता येत नाही. स्टॅम्पपेपरवर ‘कायमचा ताबा’ लिहून घेणारा भेटला तर त्या कागदाला काही किंमत नाही, लिहून देणाऱ्यालाही आणि पैसे मोजणाऱ्यालाही.