विंडोज, मॅक, लिनक्स आणि एकच गिट रिपॉझिटरी: या चुका टाळा

बदल केला एका ओळीत, आणि डिफमध्ये, म्हणजे गिट दाखवतं त्या जुन्या-नव्या फरकात, अख्खी फाइल लाल-हिरवी. (गिट म्हणजे फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, रिपॉझिटरी म्हणजे त्या फाइलींचा साठा.) विंडोजवाले आणि लिनक्सवाले एकत्र काम करतात तिथे हे कधी ना कधी घडतंच. विंडोजवर ओळ संपते ती सीआर (कॅरेज रिटर्न) आणि एलएफ (लाइन फीड) या दोन न दिसणाऱ्या बाइट्सनी, लिनक्स-मॅकवर नुसत्या एलएफने. एडिटरने सेव्ह करताना हे बदललं की गिटच्या लेखी प्रत्येक ओळ नवी. मग रिव्ह्यू करणाऱ्याला खरा बदल सापडत नाही. शेल स्क्रिप्टचे (कमांडच्या फाइलीचे) हाल तर याहून वाईट. तिच्या पहिल्या ओळीत ती चालवणाऱ्या प्रोग्रामचं, बहुतेकदा ‘बॅश’चं, नाव असतं. त्या ओळीच्या टोकाला सीआर चिकटला, की लिनक्स त्या सीआरसकट ‘बॅश’ शोधतं आणि ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून अडून बसतं. फाइल दहादा उघडून बघितली, तरी ओळ बरोबरच दिसते.

इथे बहुतेक टीम ‘ज्याने त्याने आपल्या मशीनवर ऑटोसीआरएलएफ (ओळींची टोकं आपोआप बदलणारं गिटचं सेटिंग) लावा’ असं सांगून मोकळ्या होतात. नवा लॅपटॉप आला की ते राहून जातं. नियम रिपॉझिटरीतच हवा: ‘डॉट गिटॲट्रिब्यूट्स’ फाइलमध्ये सगळ्या फाइलींसाठी टेक्स्ट ऑटो, शेल स्क्रिप्टला एलएफ, बॅच फाइलला सीआरएलएफ. ही फाइल क्लोनबरोबर (रिपॉझिटरीच्या प्रतीबरोबर) सगळ्यांकडे जाते. आधीच्या फाइली मात्र आपोआप सुधरत नाहीत. त्यासाठी ‘गिट ॲड’ एकदा ‘रीनॉर्मलाइज’ लावून चालवा आणि तो कमिट (बदलांची नोंद) वेगळाच ठेवा.

दुसरी चूक नावांतली. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसतात, म्हणूनही असेल, पण रोमन नावातला हा फरक आपल्या नजरेतून सहज सुटतो. विंडोज आणि मॅक एरवी तो मानत नाहीत, लिनक्स मानतं. त्यामुळे आपल्या मशीनवर चाललेला कोड सर्व्हरवर ‘फाइल सापडत नाही’ म्हणतो. असं नाव एक्सप्लोररमधून बदलू नका, ‘गिट एमव्ही’ने बदला. लहान-मोठ्या अक्षरांचा फरक मानायचा की नाही हे ठरवणारं ‘इग्नोअरकेस’ हे गिटचं सेटिंग हाताने फिरवायला जाऊ नका, त्याने गोंधळ वाढतोच. लिनक्स कर्नेलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) सोर्समध्ये फक्त लहान-मोठ्या अक्षरांचा फरक असलेल्या फाइलींच्या जोड्या आहेत, शिवाय ‘ऑक्स डॉट सी’ नावाची फाइल आहे. ‘ऑक्स’, ‘कॉन’, ‘नल’ ही नावं विंडोजने स्वतःसाठी राखून ठेवलेली. म्हणून विंडोजवर कर्नेल क्लोन करताना अडचण येते.

विंडोजवरून टाकलेल्या स्क्रिप्टला लिनक्सवर ‘परमिशन डिनाइड’ (चालवायची परवानगी नाही) येत असेल, तर ‘गिट अपडेट-इंडेक्स’ला ‘सीएचमॉड’ अधिक एक्स देऊन ती पुन्हा कमिट करा.

आता आपल्या भाषेचं. फाइलींना मराठी नावं जरूर द्या, फक्त एक जपा. ‘शेतकऱ्यांची यादी’मधला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे साठतो: एकसंध अक्षर म्हणून, किंवा र आणि खाली नुक्ता असा. दिसायला दोन्ही सारखेच, पण लिनक्ससाठी त्या दोन वेगळ्या फाइली. मॅकची जुनी फाइलसिस्टिम हे अक्षर फोडूनच साठवायची. म्हणून मॅकवर असं अक्षर पुन्हा एकसंध करणारं गिटचं ‘प्रीकंपोजयुनिकोड’ सेटिंग ट्रू आहे ना, ते बघून घ्या. आणि ‘गिट स्टेटस’मध्ये ‘श’च्या जागी \३४०\२४४\२६६ असं काही दिसलं, तर फाइल बिघडली समजून काढून टाकू नका. ते त्या अक्षराचेच तीन बाइट्स आहेत. गिटचं ‘क्वोटपाथ’ सेटिंग फॉल्स करा, नाव सरळ मराठीत दिसेल.