वर्गातलं छोटं रॉकेट: या चुका टाळा

पाणी आणि पंपाने भरलेल्या हवेवर उडणारं बाटलीचं रॉकेट फोंड्यातल्या एखाद्या शाळेच्या पटांगणात गिरक्या घेऊन आडवं झालं की मुलं पंपाला दोष देतात. "सर, हवा कमी पडली!" हवा बहुतेक वेळा पुरेशी असते, तोल चुकलेला असतो. गुरुत्वमध्य (रॉकेट जिथे तोलून राहतं तो बिंदू) दाबकेंद्राच्या (उडताना हवेचा जोर जिथे एकवटतो तो बिंदू) पुढे, नाकाच्या बाजूला, निदान बाटलीच्या एका व्यासाइतका हवा. जाड पुठ्ठ्याचे जड पंख लावले की शेपूट जड होतं आणि हे अंतर कमी होतं. पावसाळ्यात तर पुठ्ठा ओल धरून वाकतो. त्यापेक्षा जुन्या प्लास्टिकच्या फाइलचं कव्हर कापा.

उडवण्याआधी एक चाचणी कराच. रिकामं रॉकेट दोऱ्यावर आडवं तोलून राहील तिथे दोरा पक्का बांधा आणि ते डोक्याभोवती गरगर फिरवा. नाक पुढे राहिलं तर ठीक. शेपूट पुढे आलं तर नाकात मातीचा गोळा वाढवा. पाणी भरल्यावर तोल आणखी शेपटाकडे सरकतो, म्हणून काठावर पास झालेल्या रॉकेटवर विसंबू नका.

पाणी साधारण एक तृतीयांश भरा. गळ्यापर्यंत भरलं तर ढकलायला हवाच उरत नाही. पाण्याचं माप बदलून बघायचं असेल तर दाब तोच ठेवा. दोन्ही एकदम बदलले तर मुलांच्या वहीत नुसते आकडे राहतात.

"मोठी बाटली आणू का?" हा प्रश्न हमखास येतो. गरज नाही. केरळमधल्या थुंब्याहून १९६७ साली उडालेल्या रोहिणी आरएच-७५ या खऱ्या रॉकेटचा व्यास ७५ मिलिमीटर होता, दोन लिटरच्या बाटलीपेक्षा बारीक!

बाटली सोड्याचीच हवी. साध्या पाण्याची पातळ असते. गरम गोंदाने प्लास्टिक कमकुवत होतं. चरे पडलेली बाटली फेकून द्या. पंपाला दाबमापक हवा आणि रॉकेट सोडणारा खटका लांब दोरीने ओढा. चवथीला उरलेल्या फटाक्यांतली दारू काढून 'खरं' इंजिन बनवायचं कुणी सुचवलं, तर तिथेच थांबवा.

दुपारी समुद्राकडून वारा सुटतो, म्हणून सकाळीच उडवा. पंखवालं रॉकेट वारा जिकडून येतो तिकडे तोंड वळवतं आणि मुलं ते भलत्याच बाजूला शोधतात. दाबोळी किंवा मोपा विमानतळाच्या आसपास मात्र सकाळीही नको.

"केवढं उंच गेलं!" यावर समाधान मानू नका. ३० मीटरवर कोनमापक आणि लोंबता दोरा घेऊन एकाला उभं करा. कोन ४५ अंश आला तर उंची ३० मीटर, अधिक त्याच्या डोळ्यांची उंची. अंदाज मात्र उड्डाणाआधीच फळ्यावर लिहून घ्या.