‘केवळ गुंगी आणणाऱ्या’ रासायनिक शस्त्राचा दावा कसा तपासावा

ओलिसांच्या सुटकेसाठी, जीव न घेता केवळ गुंगी आणणारे रसायन विकसित करावे असा प्रस्ताव समोर आला, तर सर्वप्रथम मात्रेचा प्रश्न विचारावा. शस्त्रक्रियेच्या वेळी भूलतज्ज्ञ रुग्णाचे वजन, वय आणि आजार पाहून औषध देतो, बोटाला लावलेल्या चिमट्यावरून रक्तातील ऑक्सिजनवर नजर ठेवतो आणि श्वास मंदावताच मदतीला धावतो. हवेतून सोडलेल्या रसायनाबाबत यातले काहीच शक्य नसते. एकाला जेमतेम गुंगी आणणारी मात्रा शेजारच्या लहान मुलाचा किंवा दमेकऱ्याचा श्वास थांबवू शकते.

त्यानंतर वैद्यकीय तयारीचा तपशील मागावा, आणि इथे मुळीच घाई करू नये. ऑक्टोबर 2002 मध्ये मॉस्कोच्या दुब्रोव्का नाट्यगृहात 800 हून अधिक ओलिसांवर सुटकेच्या कारवाईत फेंटानिलच्या (भुलीसाठी वापरले जाणारे अतितीव्र वेदनाशामक) जातकुळीतील रसायन सोडण्यात आले आणि सुमारे 130 ओलीस दगावले, त्यांतील बहुतेक सर्व जण त्या रसायनामुळेच. बेशुद्ध माणसे बाहेर आणून उताणी ठेवली गेली. अशा स्थितीत जीभ मागे पडून श्वासमार्ग बंद होतो. कोणते रसायन वापरले, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना सांगण्यात आले नव्हते. म्हणून उतारा कोण देणार, किती जणांना आणि किती मिनिटांत, हे लेखी घ्यावे.

कायद्याच्या बाजूने 1997 पासून लागू असलेला रासायनिक शस्त्रबंदी करार वाचावा. त्यातील कायदा व सुव्यवस्थेच्या अपवादाचा, म्हणजे दंगल आवरण्यासारख्या कामांसाठी रसायने वापरण्याच्या मुभेचा, आधार असे प्रस्ताव हमखास घेतात. मात्र दंगल-नियंत्रणाच्या रसायनाचा परिणाम संपर्क तुटताच थोड्या वेळात ओसरला पाहिजे, अशी करारातील व्याख्या आहे आणि मेंदूवर परिणाम करणारी ही द्रव्ये तीत बसत नाहीत. डिसेंबर 2021 मध्ये सदस्य देशांच्या परिषदेने, अशी रसायने फवाऱ्याच्या रूपात वापरणे या अपवादाशी विसंगत असल्याचा निर्णय बहुमताने घेतला.

शेवटी संशोधनाचाच धोका पाहावा, जो माझ्या मते सर्वांत कमी चर्चिला जातो. एका देशाने ‘सौम्य’ म्हणून गुप्तपणे काम सुरू केले की शेजारी देश त्याकडे शस्त्रसज्जता म्हणूनच पाहतो आणि स्वतःची प्रयोगशाळा उघडतो. त्यामुळे हे काम आंतरराष्ट्रीय तपासणीसाठी खुले राहील का, असे विचारावे. उत्तर नकारार्थी असेल, तर आक्षेप तिथेच नोंदवावा.